पट्टीखालचे शीर्षक

३ फेब्रुवारी

सतरा शीर्षके खोडली. सतराही माझीच! दुसऱ्या कोणाची असती तर पाचव्यालाच कागद परत केला असता.

मासिकाला चाळीस वर्षे झाली म्हणून निवडक लेखांचा संग्रह निघतो आहे. एक्केचाळीस लेख. त्यांतल्या तेहेतीस लेखांची शीर्षके मी दिलेली. म्हणून विश्वस्तांनी प्रस्तावना माझ्या गळ्यात घातली. विषयही त्यांनीच ठरवला — चांगले शीर्षक सुचते कसे? प्रस्तावना चार दिवसांत लिहून झाली. बावीस पाने. एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही अशी. फक्त तिला शीर्षक नाही!

उपसंपादक बाई आज चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "मॅडम, 'शीर्षकांविषयी' असं साधंच देऊ या का?"

साधे! साधे आणि आळशी यांतला फरक त्यांना वीस वर्षांत कळलेला नाही. तसे बोललेही. त्या गेल्या. चहा निवला.

४ फेब्रुवारी

अठरावे. खोडले.

६ फेब्रुवारी

खुर्ची खिडकीकडे वळवून पाहिली. मग भिंतीकडे. पेन बदलले. कशाने काही होत नाही. शेवटी प्रस्तावनेतला माझ्या पद्धतीविषयीचा भाग पुन्हा वाचला. तो निर्दोष आहे, म्हणून बरे वाटले.

संपादक झाले त्याच महिन्यात नियम घातला होता. आलेल्या प्रत्येक हस्तलिखिताचे शीर्षक आणि लेखकाचे नाव यांवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची. वर एक, खाली एक. मग टंकलेखन. माझ्यापुढे यायची ती नुसत्या क्रमांकाची प्रत. ना नाव, ना हस्ताक्षर, ना शीर्षक. कचेरीच्या पत्त्यावर खास माझ्या नावाने आलेले टपालसुद्धा आधी पट्टीकडे जायचे, कारण नावाने पाठवले की वशिला लागतो असा लेखकमंडळींचा समज असतो. लेख पसंत पडला की शीर्षक मी देणार, आणि त्यानंतर नोंदवहीतून लेखकाचे नाव पाहणार. पट्टी मात्र मी कधी काढली नाही. कोणत्या लेखकाने मुळात काय शीर्षक दिले होते, हे तीस वर्षांत एकदाही पाहिलेले नाही. पाहायचे कशाला? आई आपल्या मुलाला देखणा म्हणते, तसे लेखक आपल्या लेखाला शीर्षक देतो.

बाकीचे नियम — 'एक चिंतन', 'एक दृष्टिक्षेप', 'काही आठवणी' हे शब्द दिसले की पान उलटावे. शेवटी तीन टिंबे म्हणजे लेखकाला पुढचे सुचले नाही याची कबुली. आणि सर्वांत महत्त्वाचा: शीर्षक बाहेरून आणायचे नसते. ते लेखातच पडलेले असते. लेखक ज्या वाक्यावरून घाईने पुढे निघून गेला, तिथे शोधावे.

शेवटचे वाक्य उत्तम आहे. मी सहसा स्वतःला उत्तम म्हणत नाही.

८ फेब्रुवारी

बसवेना, म्हणून बाहेर पडले. रस्ताभर दुकानांच्या पाट्या वाचत होते. 'येथे किल्ल्या करून मिळतील.' चार शब्द! कोणता काढाल? कोणता घालाल? त्या किल्लीवाल्याचा इतका हेवा वाटला की आत जाऊन गरज नसताना एक किल्ली करून घेतली. "कुठली आहे, बाई?" म्हणाला. म्हटले, "कचेरीच्या कपाटाची." "मग जपा. कपाटात काय आहे ते किल्ली हरवल्यावरच आठवतं."

बोलण्यातही एक शब्द जास्त नाही. घरी येऊन एकोणिसावे लिहिले आणि खोडले.

९ फेब्रुवारी

लेखकांना परवानगीची पत्रे गेली होती. चाळीस उत्तरे आली. दातांचे डॉक्टर लिहितात, "माझा लेख केवळ तुमच्या शीर्षकामुळे लोकांच्या लक्षात राहिला." राहणारच. 'तोंड उघडे, बोलणे बंद' कोण विसरेल?

एक उत्तर नाही. धाकट्याचे.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वजनकाटे दुरुस्त करतो. आयुष्यात एकच लेख त्याच्या हातून झाला, तो बाबांच्या शेवटच्या चार महिन्यांवर. बाबा अंथरुणाला खिळले होते आणि हा रोज सकाळी त्यांची दाढी करून द्यायचा. एवढाच विषय. अकरा वर्षांपूर्वी तो लेख कचेरीत आला, क्रमांक दोनशे बारा होऊन. तिसऱ्या परिच्छेदात मी ओळखले — उजव्या गालावरचा तीळ, त्याच्याभोवती वस्तरा फिरवताना बाबांचे जीभ आतून गाल फुगवणे. ओळखले, तरी फोन केला नाही. सख्ख्या भावाला वेगळा नियम कशाला? शिवाय लेख चांगला होता. वशिल्याची त्याला गरजच नव्हती.

त्यात एक वाक्य होते: वस्तरा गळ्याशी आला आणि माझा हात थांबला. बस, लेखक पुढे निघून जातो. मी शीर्षक दिले, 'थांबलेला वस्तरा'.

गाजले! शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून गेले. चार वाक्ये तेवढी मला काढावी लागली. त्यांत मध्येच 'तू' येत होते. वाचकाला 'तू' म्हणून हाक मारायची, ही नवशिक्यांची खोड. ती काढल्यावर लेखाला धार आली.

अंक त्याला पाठवला. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. शीर्षक बदलले की लेखक रुसतात. मला सवय आहे.

११ फेब्रुवारी

टपाल आले. धाकट्याचे नाही. दुपारी विसावे सुचले, 'नावाआधीचा मजकूर'. चारपर्यंत आवडत होते. पाचला स्वतःचीच लाज वाटली.

१२ फेब्रुवारी

आले. कार्डच आहे. वर काही नाही, ना 'ती.', ना 'ताई'. खाली सहीसुद्धा नाही. मधला मजकूर तेवढा उतरवते:

"वर मी जे लिहिले होते, तेच वर छापणार असशील तर छाप. नाहीतर छापू नकोस."

तीनदा वाचले. हस्ताक्षर तसेच आहे, काट्याच्या तबकडीवर आकडे काढावेत तसे सुटे.

म्हणजे त्याचे मूळ शीर्षक हवे. ठीक. संग्रहात आहे, मूळ शीर्षक देऊ. एवढा उदारपणा मला झेपतो.

पण ते शीर्षक काय होते?

१३ फेब्रुवारी

फोन केला. भावजयीने उचलला.

"वन्सं! तुम्ही?" आणि मग मागे नळ बंद केल्याचा आवाज.

"अगं, धाकट्याचं कार्ड आलं. नेमके शब्द त्यानेच सांगितले तर बरं. एखादं अक्षर इकडे तिकडे नको व्हायला."

"विचारते हं." तिने फोनवर हात ठेवला. तरी ऐकू आलेच — "ठाऊक आहे म्हणावं तिला. चांगलं ठाऊक आहे!"

"वन्सं, ते म्हणताहेत—"

"ऐकलं."

"तुम्ही वाचलं होतंत ना?"

"वाचल्याशिवाय मी काही छापते का?"

फोन ठेवल्यावर हात धुतले. का, कोण जाणे. खरे सांगून मोकळे व्हायचे होते: नाही रे बाबा, मी तुझे शीर्षक पाहिलेलेच नाही. पण ज्या पद्धतीचा तीस वर्षे टेंभा मिरवला, तिच्यापायी आपल्याच भावाच्या लेखाच्या माथ्यावर काय होते ते मला माहीत नाही, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? तेही बावीस पाने त्याच पद्धतीची महती लिहून झाल्यावर!

१५ फेब्रुवारी

विश्वस्तांना कळवले की तो लेख गाळावा लागेल. ते हसले. त्यांना सगळ्याचेच हसू येते.

"बाई, वस्तरा काढलात तर संग्रहात राहिलं काय? चित्रकाराने मुखपृष्ठावर वस्तराच काढलाय. पाहिलात का? काय चकाकतोय!"

"लेखकाची परवानगी नाही."

"लेखक कसला, तुमचा भाऊ! कान धरा त्याचा. घरच्या माणसाची समजूत काढायला संपादक लागतो का?"

अठ्ठावीस तारखेला पाने छापखान्यात गेली पाहिजेत. उपसंपादक बाई दार लावून घेताना म्हणाल्या, "मॅडम, ते शीर्षक देताना तुम्ही त्यांना एकदा विचारलं असतंत तर?"

"मी कोणालाच विचारत नाही."

"हो. तेच."

बाईंची जीभ अलीकडे वळवळू लागली आहे.

१६ फेब्रुवारी

ठरवले — शोधून काढायचे! शीर्षके देणे हाच माझा व्यवसाय. एका माणसाने आपल्या लेखाच्या माथ्यावर काय लिहिले असेल, एवढे ओळखता येऊ नये? छापील लेख समोर घेतला. आता धाकट्यासारखा विचार करायचा.

धाकटा नावे देतो कशी? लहानपणी त्याच्याकडे मोडक्या सामानाचे डबे असत. प्रत्येकावर चिठ्ठी. 'लहान स्प्रिंगा'. 'मोठ्या स्प्रिंगा'. 'वाकलेले पण चालतील'. आणि शेवटच्या डब्यावर — 'कशाचे ते माहीत नाही'. मी तेव्हा कॉलेजात होते. मैत्रिणींना तो डबा दाखवून हसले होते. आज त्या चार शब्दांनी अर्धा तास खाल्ला. असे शीर्षक मला तीस वर्षांत सुचलेले नाही.

अंदाज लिहून काढले:

सकाळी सव्वासात
गरम पाणी, दोन वाट्या
उजवा गाल आधी
चार महिने
बाबांची दाढी

सगळी साधी. आणि एकही आळशी नाही. शेवटच्याकडे पाहता पाहता एक विचार आला. तो लिहून टाकते, म्हणजे जाईल. या लेखाचे शीर्षक 'बाबांची दाढी' हेच असायला हवे होते.

गेला नाही.

१७ फेब्रुवारी

कचेरीत बसवत नाही, घरात बसवत नाही. तीनदा जिना उतरले, दोनदा चढले. तिसऱ्यांदा खालच्या पायरीवरच बसून राहिले. शेजारीण विचारते, "किल्ली विसरलात?" हो म्हटले.

१८ फेब्रुवारी

भावजयीचा फोन. आपण होऊन!

"वन्सं, हे दुकानात गेलेत, म्हणून बोलते. रागावू नका हं."

"बोल."

"तुम्ही ते छापलंत ना, त्याच आठवड्यात समोरचा न्हावी यांना म्हणाला, 'तुमच्या हातात वस्तरा द्यायचा म्हणजे दहादा विचार करायला हवा!' गंमत केली हो त्याने. हेही हसले. मग आत्याबाई आल्या. चारचौघांत विचारलं, 'खरं सांग, हात थांबला तेव्हा मनात काय आलं होतं तुझ्या? आम्ही काही बोलणार नाही.' काही बोलणार नाही म्हणे! आणखी काय बोलायचं राहिलं होतं?"

मला पहिल्यांदा कळेचना ती कशाविषयी बोलते आहे. मग कळले. बसले.

"आणि लेकीच्या शाळेच्या पुस्तकात तो धडा. खाली प्रश्न होता: लेखकाचा हात का थांबला असावा? तुमच्या शब्दांत लिहा. तिने यांनाच विचारलं, वन्सं! 'बाबा, हे तुम्हीच ना? मग का थांबला?' हे जेवत होते. ताटावरून उठून गेले. तेव्हापासून वस्तऱ्याला हात लावलेला नाही त्यांनी. दाढी मी कात्रीने कापते, म्हणून बरं. नाहीतर पोटापर्यंत आली असती."

मी काहीतरी बोलले असेन. आठवत नाही.

"हात का थांबला ते त्यांनी लिहिलं होतं, वन्सं. मी शेजारी भाजी निवडत होते, वाचून दाखवलं होतं मला. तुम्ही छापलं का नाही?"

"जागेची अडचण असते गं कधीकधी."

जागेची! अंक काढून पाहिला. लेखाच्या शेवटी अर्धे पान कोरे राहत होते. ते भरायला मी एक वेलबुट्टीचे चित्र टाकले आहे.

१९ फेब्रुवारी

ती चार वाक्ये काय होती ते मला आता आठवत नाही.

— खोटे. एक आठवते. पण ते इथे लिहिणार नाही. मूळ कागद पाहीपर्यंत तरी नाही.

२० फेब्रुवारी

पट्टीवाल्यांकडे गेले. आमचे जुने कारकून. सव्वीस वर्षे पट्ट्या चिकटवल्या, म्हणून सगळे त्यांना पट्टीवालेच म्हणत. आता मुलीकडे असतात. पहिल्या मजल्यावर, दोन खोल्या. हात थरथरतात. बोलता बोलता जुन्या वर्तमानपत्राच्या चार बोटे रुंद पट्ट्या दुमडून फाडत होते, आणि एकीची कड तिरपी नव्हती.

"या, बाई! काय म्हणतात नवे संपादक?"

"संपादक अजून मीच आहे."

"तरीच. नव्याने कोणी मला भेटायला आलं नसतं."

क्रमांक दोनशे बारा आठवतो का, विचारले.

"क्रमांकच आठवतात, बाई. नावं तुम्ही कुठे वाचू दिलीत? दोनशे बारा… निळी शाई. त्याला वर दोन पट्ट्या लागल्या होत्या. वरचा मजकूर एकीत मावेना. मनात म्हटलं, हा लेखक शीर्षकातच सगळं सांगून टाकणार दिसतो!"

"काय होतं ते?"

"वाचलं नाही."

"डोळ्यांखालून गेलंच असेल की."

"नाही हो. तुम्हीच सांगितलं होतंत: बघायचं, वाचायचं नाही. वर असेल ते झाकायचं, खाली असेल ते झाकायचं. दिवसाला पन्नास कागद. आता इतकी सवय झालीय की पेपर हातात घेतला तरी आधी मथळ्यावर हात जातो. मुलगी हसते."

मुलगी आतून म्हणाली, "हसत नाही, चिडते! बातमी कसली ते कळायला सगळं वाचावं लागतं त्यांना."

मला एकाएकी या म्हाताऱ्याचा राग आला. मग लक्षात आले, तो माझ्याइतकाच काटेकोर आहे. मीच त्याला तसे घडवले.

निघताना जिन्यापर्यंत आले. "फेकू नका म्हणाला होतात, तेव्हा असणारच. गोदामात, माळ्यावर, डाव्या हाताला. आणि बाई, खळ मी घट्ट करत असे. ओरबाडू नका, खालची शाई निघून येईल. ओलं फडकं ठेवा, आणि वाट बघा."

२३ फेब्रुवारी

सापडला.

गोदाम सकाळी उघडले. उपसंपादक बाई न सांगता आल्या आणि शिडी धरून उभ्या राहिल्या. सुतळीने बांधलेले गठ्ठे, वर्षावर्षांचे, प्रत्येक कागदाच्या माथ्यावर पांढरी पट्टी. वरून पाहिले तर ओळीने डोळे बांधून बसवलेली माणसे! हजारो. मी याआधी इथे कधी आलेच नव्हते. दोनशे बारा दोनशे एकवीसच्या पोटात होता.

तीन पाने. निळी शाई. वर दोन पट्ट्या, खाली एक. पट्ट्या तशाच ठेवून मधला मजकूर माळ्यावरच वाचायला घेतला. जे टंकलिखित प्रतीत एकदा वाचले होते, ते आज त्याच्या हस्ताक्षरात. तिसरा परिच्छेद:

"वस्तरा गळ्याशी आला आणि माझा हात थांबला. बाबांनी डोळे उघडून विचारलं होतं, ती आली का? मी म्हटलं, वाटेत आहे. तू वाटेत नव्हतीस. खोटं बोलताना हात हलू नये म्हणून मी तो थांबवला."

लेखक घाईने पुढे निघून गेला नव्हता. थांबला होता. मी त्याला पुढे ढकलले.

आणि ते 'तू' वाचकाला नव्हते. हे मला आज कळले असे लिहिले तर ही रोजनिशी जाळावी लागेल. त्या दिवशीही कळले होते. चार महिने मी विशेषांकाच्या शीर्षकांवर बसले होते. धाकट्याची पत्रे घरी येत. प्रत्येकात 'ये' असणार, म्हणून फोडत नसे. अंक निघाला की सावकाश वाचू म्हणून खणात ठेवत होते. पोहोचले तेव्हा बाबांची खोली आवरून झाली होती आणि गादी उन्हात टाकली होती. मग ती प्रत समोर आली. लाल पेन्सिल हातात होतीच. स्वतःला म्हटले, लेखात संपादकाला जागा नसते. चार वाक्ये गेली, आणि जिथून मला काढले, तिथेच एक भोक पडले. त्या भोकाला मी नाव दिले. लोक अकरा वर्षे त्यातून माझ्या भावाकडे बघताहेत.

लेखाची धार म्हणत होते मी त्याला!

"मॅडम," बाई खालून म्हणाल्या, "मिळालं का शीर्षक?"

"आहे. झाकलेलं."

"काढू मी? माझे हात हलके आहेत."

"नको. मीच काढीन." आणि मग, का कोण जाणे, म्हटले, "तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. विचारायला हवं होतं."

मी उतरेपर्यंत बाई शिडी दोन्ही हातांनी धरून होत्या.

२४ फेब्रुवारी, सकाळ

ओले फडके ठेवले आहे. खळ खरोखरच घट्ट आहे. वाट बघते. शीर्षक काहीही असो, तेच छापायचे. मुखपृष्ठ बदलेल, विश्वस्त ओरडतील. ओरडू देत. चार वाक्ये परत जातील. प्रस्तावना मागे घेईन. हे ठरवले आणि बऱ्याच दिवसांनी एका जागी बसवले. 'बाबांची दाढी' असेल असे वाटते. असावे.

२४ फेब्रुवारी, दुपार

वरच्या पट्ट्यांखाली शीर्षक नाही.

"ती. ताईस,
घरी पाठवलेली पत्रे तू फोडत नाहीस. कचेरीत आलेला कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस, म्हणून हे पत्र तिथे पाठवतो. दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस. वाचून झाले की ये."

खालच्या पट्टीखाली — "तुझा धाकटा".

उत्तर गेले होते. नोंदवहीत तारीख आहे. सगळ्यांना जाते तेच छापील कार्ड: आपला लेख स्वीकारला आहे. शीर्षकाबाबतचा निर्णय संपादकांचा राहील.

लेख संग्रहातून काढला. कोरा कागद घेतला. 'चि. धाकट्यास' — वर काय लिहायचे याचा या वेळी विचार करावा लागला नाही. पुढचे 'अनेक आशीर्वाद' खोडले. त्याखाली काही सुचेना, तेव्हा पेन ठेवले आणि चपला घातल्या.